हेल्मेटमधलं बोलणं: इंटरकॉम घेताना आधी काय बघावं

तोरंगण घाटात भाऊजी आमच्यातून नाहीसे झाले, तेव्हा चौघांच्याही हेल्मेटवर इंटरकॉम, म्हणजे गाडी चालवताना एकमेकांशी बोलायचं यंत्र, होता. जुलै महिना, त्र्यंबकहून जव्हारला निघालो होतो. पुढे नवरा, मग भाऊजी, मग मी आणि शेवटी भाचा. धुकं असं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसावा. भाऊजींच्या मागच्या चाकात खिळा गेला आणि ते एका वळणावर कडेला थांबले. मला ते दिसलेच नाहीत, मी त्यांना मागे टाकून पुढे गेले. नवरा माझ्यापुढे शंभर-दीडशे मीटरवर असेल. मी ओरडतेय, “अहो, थांबा, भाऊजी दिसत नाहीत,” आणि त्याला काहीच ऐकू जात नाही. तो समजला, घाट आहे म्हणून सगळे गप्प गाडी चालवताहेत. मोखाड्यात आम्ही चाळीस मिनिटं थांबलो. भाऊजींच्या फोनला रेंज नव्हती. सुखरूप आले, पण ती चाळीस मिनिटं मी विसरलेले नाही.

यंत्रं बिघडलेली नव्हती. ती जशी चालायला बनवली आहेत तशीच चालली. आम्ही चौघांनी दोघांच्या कामाची वस्तू घेतली होती. म्हणून हे लिहितेय. मी नाशकात ऑडिओलॉजिस्ट आहे, गेली १७ वर्षं लोकांचे कान तपासते आणि ९ वर्षं बुलेट चालवते. इंटरकॉम कुठला घेऊ, असं मला दवाखान्यातसुद्धा विचारतात. मी उलट विचारते, तुम्हाला कोणाशी बोलायचंय?

एकटेच फिरत असाल, फक्त नकाशातली बाई “पुढे उजवीकडे वळा” म्हणते ते ऐकायचं आणि घरचा फोन घ्यायचा, तर इंटरकॉमची गरजच नाही. साधा हेल्मेट हेडसेट पुरतो. इथे पैसे घालू नका.

मागे बसणाऱ्या माणसाशी बोलायचं असेल तर साधा ब्लूटूथ इंटरकॉम, दोन नगांची जोडी, बस. अंतर दीड फूट. डब्यावर १ किलोमीटर लिहिलंय की २, याच्याशी तुमचा काही संबंध नाही. मी सासूबाईंना वणीच्या देवीला नेते तेव्हा हीच जोडी वापरते. त्या ७१ वर्षांच्या आहेत. आधी पाय आखडला की त्या माझा खांदा दाबायच्या आणि मला कळायचं नाही की थांबायचंय की पुढे बघायचंय. आता सरळ सांगतात. त्यांच्या उजव्या कानात श्रवणयंत्र आहे. कानामागे बसणारं श्रवणयंत्र हेल्मेटचं पॅड टेकलं की शिट्टी मारतं, म्हणून प्रवासात ते काढून डबीत ठेवायचं आणि स्पीकरचा आवाज थोडा मोठा ठेवायचा. तुमच्या घरी असं कोणी असेल तर हे आधी घरी खुर्चीत बसवून करून बघा, गाडीवर नाही.

दोन गाड्या असतील तरीही ब्लूटूथ चालतो, फक्त दोघांची कंपनी एक हवी. अडचण तिसऱ्या गाडीपासून सुरू होते.

ब्लूटूथमध्ये चौघं जोडले जातात ते साखळीने. टँकर आला की रांगेतून हंडे हातोहात पुढे सरकतात, तसं. नवऱ्याचं बोलणं भाऊजींच्या यंत्रात जातं, तिथून माझ्या, माझ्याकडून भाच्याच्या. मधल्याने हात काढला की हंडा तिथेच. तोरंगणला हेच झालं. माझा आवाज नवऱ्याकडे भाऊजींमधूनच जाणार होता आणि भाऊजी मागे राहिले होते. शिवाय ज्या क्रमाने जोडलं त्याच क्रमाने गाड्या चालवाव्या लागतात. भाचा मधूनच पुढे गेला की आवाज खरखरायला लागतो. चहाच्या टपरीवरून निघताना कोण कोणामागे, हे दर वेळी कोण लक्षात ठेवणार?

इंटरकॉमचा दुसरा प्रकार मेश, म्हणजे जाळं. तो याच्यापेक्षा वेगळा चालतो. त्यात प्रत्येक यंत्र जवळच्या सगळ्या यंत्रांशी एकदम जोडलेलं असतं आणि आवाज ज्या वाटेने पोचेल त्या वाटेने जातो. एक जण मागे राहिला तर बाकीच्यांचं बोलणं चालू राहतं आणि तो पुन्हा टप्प्यात आला की आपोआप सामील होतो, बटणं दाबत बसावं लागत नाही. कार्डो कंपनीने २०१५ साली पॅकटॉक या यंत्रात हे आणलं, सेना कंपनीने २०१८ साली थर्टी-के मध्ये. बंगळूरच्या ब्लूआर्मरचंही स्वतःचं मेश आहे, राइडग्रिड नावाचं. तीन किंवा जास्त गाड्या नेहमी एकत्र फिरत असतील तर मी मेशच घ्या म्हणेन, एक हंगाम थांबून पैसे साठवावे लागले तरी. साधी ब्लूटूथची यंत्रं काही हजारांत मिळतात, वरच्या दर्जाचं मेश एका हेल्मेटमागे तीस-चाळीस हजारांच्या घरात जातं. फरक मोठा आहे, मला माहीत आहे. म्हणूनच कोणाशी बोलायचंय हे आधी ठरवा.

आणि विकत घ्यायच्या आधी बरोबरच्यांना विचारा, त्यांच्याकडे काय आहे. एका कंपनीचं मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी बोलत नाही. दुकानात “सगळ्याला जोडता येतं” म्हणून सांगतात. ते अर्धंच खरं. वेगळ्या कंपनीचा इंटरकॉम ब्लूटूथने जोडता येतो, पण तेव्हा तुमचं यंत्र त्याला मोबाइल समजून जोडून घेतं. मग तुमच्या स्वतःच्या फोनची किंवा नकाशाची जागा त्यात अडकते, आवाजही टेलिफोनसारखा चपटा येतो. एका दिवसाच्या पाहुण्यासाठी ठीक आहे, नेहमीच्या साथीदारासाठी नाही. पाच मित्रांपैकी चौघांकडे अमुक एक कंपनी असेल तर पाचव्याने तीच घ्यावी, यूट्यूबवर दुसरी कितीही चांगली म्हणोत.

आता अंतराचं. डब्यावर १.६ किलोमीटर, २ किलोमीटर असे आकडे असतात. ते खोटे नसतात. मोकळं मैदान, मधे काही नाही, दोघं एकमेकांना दिसताहेत, अशा जागी मोजलेले असतात. सिन्नरच्या पुढे सरळ रस्त्यावर आम्हाला किलोमीटरभर नीट ऐकू येतं. कसाऱ्यात एका वळणाआड गेलं की दोनशे-तीनशे मीटरवर आवाज तुटायला लागतो. या यंत्रांच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, त्या डोंगरातून आरपार जात नाहीत आणि पाणी त्या शोषून घेतं. पडणाऱ्या पावसाने फारसं बिघडत नाही, पण दोन्ही बाजूंनी ओली गच्च झाडी असली की फरक कळतो. डब्यावरच्या अंतराची घाटात एक चतुर्थांश आशा धरा. वळणावळणाच्या घाटात तेवढीही धरू नका. मेशमध्ये मधल्या गाड्या आवाज पुढे पोचवतात, म्हणून चार गाड्या थोड्या थोड्या अंतराने असल्या तर पहिल्याचा आवाज शेवटच्यापर्यंत जातो. तिघं पुढे निघून गेले आणि एकटा मागे राहिला तर तो मेशमध्येही एकटाच.

काही जण वॉकीटॉकीचा पर्याय सुचवतात. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा कमी ताकदीच्या संचांसाठी विनापरवाना वापरता येतो. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच संच मात्र इतर पट्ट्यांतही बोलतात आणि त्यासाठी परवाना लागतो. माझा त्याला विरोध दुसऱ्या कारणाने आहे: बोलताना दर वेळी बटण दाबावं लागतं आणि घाटात माझा डावा हात क्लचवर हवा असतो.

आता माझ्या विषयाकडे येते. इथे थोडा वेळ घेणार आहे, कारण याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही.

हेल्मेटमध्ये सगळ्यात मोठा आवाज इंजिनाचा नसतो, वाऱ्याचा असतो. वेग साठच्या पुढे गेला की वारा इंजिनाला गिळून टाकतो. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास बहुतेक हेल्मेटांत कानापाशी ९५ डेसिबलच्या वर आवाज असतो. कानाचं गणित असं: ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतील. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास. मोकळ्या महामार्गावरून लांब निघालेला माणूस हा हिशोब पहिल्या तासाभरातच ओलांडतो. वर इंटरकॉमचा आवाज वाऱ्यावर चढवायचा म्हणून तो पूर्ण मोठा करतो. माझ्याकडे पस्तिशीतली मुलं येतात, तक्रार एकच: “मॅडम, रात्री कानात सूं आवाज येतो.” त्यांच्या ऐकण्याच्या आलेखात ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच स्वरांच्या जागी, खड्डा पडलेला असतो. तो खड्डा भरून येत नाही.

म्हणून इअरप्लग घाला. औषधाच्या दुकानात मिळणारे मऊ फोमचे, दोन बोटांत बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सोडायचे आणि फुगेपर्यंत बोट ठेवायचं. लोकांना वाटतं, मग इंटरकॉम कसा ऐकू येणार? उलट स्पष्ट ऐकू येतो. प्लगमुळे वारा आणि बोलणं दोन्ही सारखंच कमी होतं, आणि कमी आवाजात कान शब्द जास्त नीट सोडवतो. हॉर्नही ऐकू येतो. फक्त ज्यांचा कान आधीच कमकुवत आहे त्यांनी तपासल्याशिवाय हे करू नये. ही १५-२० रुपयांची जोडी तुमच्या तीस हजारांच्या यंत्राचा आवाज सुधारते.

दुसरी गोष्ट स्पीकरची जागा. ४० मिलिमीटरचा स्पीकर कानाच्या भोकासमोर नसेल तर तो कितीही भारी असो, आवाज पातळ येतो. हेल्मेटमध्ये कंपनीने दिलेला खळगा बरेचदा कानाच्या मागे किंवा खाली पडतो. घरी हे असं शोधा: हेल्मेट घालून एखादं कीर्तन किंवा बातम्या बारीक आवाजात लावा. दोन्ही हातांनी हेल्मेट पुढे ढकला, मागे ओढा, वर उचला. ज्या दिशेला सरकवल्यावर आवाज मोठा होतो, स्पीकर आत त्याच दिशेला सरकवा. अर्ध्या सेंटीमीटरनेही फरक पडतो. स्पीकर कानापासून लांब पडत असेल तर डब्यात वेल्क्रोच्या जाड चकत्या येतात, त्या मागे लावा. कानाला टेकून दाबत मात्र नको. अर्ध्या तासाने कानाची पाळी ठणकायला लागते आणि मग माणूस सारखं हेल्मेट हलवत बसतो.

खळगा लहान पडतोय म्हणून आतला थर्माकोल कोरू नका. तो थर्माकोलच डोकं वाचवतो. भोकं पाडून यंत्र धरणारा क्लॅम्प बसवणारेही बघितलेत मी. आयएस ४१५१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं हेल्मेट घ्यायचं आणि नंतर त्यालाच भोक पाडायचं, हे मला बघवत नाही. क्लॅम्प नीट बसत नसेल तर चिकटवायची पट्टी मिळते.

माइक दोन प्रकारचे. पूर्ण बंद हेल्मेटला हनुवटीच्या भागात चिकटवायचा छोटा बटण माइक, पुढून उघडणाऱ्या किंवा अर्ध्या हेल्मेटला दांडीचा माइक. दांडीचा माइक ओठांच्या जवळजवळ टेकायला हवा, त्याची बोलायची बाजू तोंडाकडे, आणि फोमची टोपी हवीच. ती टोपी हरवली की मागच्या सगळ्यांना तुमच्या जागी वादळ ऐकू येतं.

आता एक गोष्ट जी परदेशी माहितीपुस्तिकेत सापडणार नाही, कारण ती मराठीची आहे. ही यंत्रं गोंगाट गाळतात. तुम्ही बोलायला लागलात हे ओळखून माइक उघडतात आणि त्यात पहिलं अक्षर बरेचदा गिळलं जातं. “डावीकडे” आणि “उजवीकडे” यांचं पहिलं अक्षर उडालं की उरतं काय? “वीकडे” आणि “जवीकडे”, वाऱ्यात दोन्ही सारखंच. सापुताऱ्याच्या फाट्यावर मी आणि भाचा यावरून वेगळ्या रस्त्यांना लागलो होतो. तेव्हापासून आधी नाव किंवा नातं घ्यायचं, मग दिशा: “भाऊजी, डावीकडे.” गिळायचंच असेल तर “भा” गिळलं जाईल. तसंच आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. “ओव्हरटेक करू नको” यातला “नको” वाऱ्यात गेला तर समोरच्याला नेमकं उलटं ऐकू येतं. आम्ही ते वाक्यच टाकून दिलं. “थांब, ट्रक” एवढंच म्हणतो. आणि आकडे: सात, साठ, आठ या तिन्हींतला फरक वाऱ्यात बुडणाऱ्या बारीक व्यंजनांवर उभा आहे. अंतर सांगायचं असेल तर दोनदा सांगा, किंवा “पुढच्या पंपावर” म्हणा.

याचा उपयोग यंत्र निवडतानाही होतो. दुकानात कानाला लावून गाणं ऐकवतात, त्यावर जाऊ नका. गाणं सगळ्यांचंच चांगलं वाजतं. मित्राचं यंत्र मागून घ्या, सत्तरच्या वेगाला मोकळ्या रस्त्यावर जा आणि मागे बसलेल्याला सात, साठ, आठ, डावीकडे, उजवीकडे असे वीस शब्द उलटसुलट क्रमाने म्हणायला सांगा. किती बरोबर ओळखले ते थांबल्यावर मोजा. अठराच्या खाली आले तर आधी स्पीकरची जागा बदलून पुन्हा करा, तरी नाही जमलं तर ते यंत्र तुमच्या हेल्मेटसाठी नाही.

पावसाबद्दल. आपल्याकडे फिरायचे दिवस म्हणजे पावसाळाच, त्यामुळे नुसतं “वॉटर रेझिस्टंट” वर समाधान मानू नका, आकडा विचारा. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून टिकलेलं. पण तो आकडा चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसलेलं असताना. भर पावसात पॉवर बँक लावून चार्ज करायला गेलात तर तो आकडा संपला. ओलं यंत्र आधी पूर्ण वाळवा. स्पीकर आणि माइकच्या वायरी हेल्मेटच्या आत असतात, त्यांना बरेचदा तेवढं संरक्षण नसतं. भिजलेलं हेल्मेट उलटं ठेवू नका, पाणी तिथेच साचतं.

बॅटरी बारा-तेरा तास सांगतात. मेशवर सतत बोलत राहिलात तर कमी चालते, दोन वर्षांनी आणखी कमी. नाशिक-जव्हार-नाशिक आरामात होतं, कोकणात दोन दिवस जायचं तर रात्री चार्जिंगची आठवण कोणीतरी एकाने ठेवायची. आमच्यात ते काम भाच्याकडे आहे. “मामी, तुझं लावलंस का?” असा त्याचा फोन येतो. हेल्मेट टाकीवर ठेवून उन्हात तासन्‌तास सोडू नका, उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते.

पक्कं बिल घ्या, भारतातली वॉरंटी असलेलं घ्या. परदेशातून कोणी आणून दिलेलं चार हजारांनी स्वस्त पडतं आणि बॅटरी गेली की कोणी दारात उभं करत नाही. सॉफ्टवेअर अपडेट सहलीच्या आदल्या आठवड्यात, चौघांनी एकाच दिवशी करा. आदल्या रात्री करू नका.

कायद्याचं लोक विचारतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात गाडी चालवताना हातात धरलेलं संपर्काचं उपकरण वापरणं धोकादायक चालवण्यात मोडतं. हेल्मेटवरचा इंटरकॉम हातात नसतो. तरी पोलिसांनी थांबवलं तर नीट दाखवा, कानात काय आहे हे विचारण्याचं त्यांचं कारण खरं आहे. आणि गाणी घाटात बंद. आमच्याकडे त्र्यंबक सोडलं की संगीत बंद, फोन बंद, बोलणं फक्त रस्त्याचं: खड्डा, गाय, ट्रक, थांब. पुढचा बोलतो, शेवटचा “ठीक” म्हणतो. शेवटच्याचं “ठीक” दोनदा आलं नाही तर पहिल्याने सुरक्षित जागा बघून थांबायचं. मेश असला तरीही. हाताच्या खुणाही सोडलेल्या नाहीत, बॅटरी संपल्यावर त्याच राहतात.

पावसाळा संपला की स्पीकरवरचे फोम आणि माइकची टोपी काढून कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. घामाने कानाला खाज सुटते ती याच्यामुळे. महिना-दोन महिने फिरणार नसाल तर यंत्र अर्धं चार्ज करून कपाटात ठेवा. आणि मे अखेरीला चार्जिंगचं रबरी झाकण नखाने उघडून बघा. कडेला चीर गेली असेल तर जूनच्या आत बदलून घ्या.